चौरस फूट नंतर, आधी भिंती: जुन्या इमारतीत वायफायचे डबे कुठे लावायचे

"ताई, एका डब्यात किती स्क्वेअर फूट होतील?" कामाचा फोन आला की पहिला प्रश्न हमखास हाच. खोक्यावर आकडा छापलेला असतो आणि तो अगदीच खोटा नसतो. तो मोकळ्या हॉलसाठी असतो. मुंबईत मोकळा हॉल आहे कुणाकडे? गिरगावातल्या लाकडी पार्टिशनच्या सहाशे फुटी बिऱ्हाडात एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारा डबा, मधोमध लावला की स्वयंपाकघरापासून सज्जापर्यंत सगळं निभावतं. परळच्या टॉवरमधला तेवढ्याच सहाशे फुटांचा टू बीएचके दोन डबे मागतो. फूट तेच, भिंती वेगळ्या. म्हणून मी फोनवर उलट विचारते: इमारत किती सालची, आणि भिंतीत ड्रिल मारलं की भुकटी कुठल्या रंगाची पडते?

मी दादर-परळ-गिरगाव पट्ट्यात नेटवर्किंगची कामं घेते. सगळं नुसतं हवेत सांगण्यापेक्षा एक इमारत घेऊन बोलू. दादर पूर्वेला, हिंदू कॉलनीच्या एका गल्लीत तळ अधिक दोन मजले. खाली डॉक्टरांचा दवाखाना: वेटिंग, दोन तपासणीच्या खोल्या, एक्स-रे आणि मागे दिवसभरापुरत्या चार खाटा. पहिल्या मजल्यावर दहावी-बारावीचे क्लासेस, दोन वर्ग. दुसऱ्यावर डॉक्टर स्वतः राहतात, सोबत त्यांची आई. बांधकाम मूळचं भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतींचं. मधल्या एका दुरुस्तीत तळमजल्याच्या डोक्यावर आरसीसी स्लॅब पडला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामध्ये मात्र अजून सागवानी तुळया, फळ्या आणि वर कोबा. मागच्या बाजूला नंतर चढवलेली लिफ्ट, तिचा डक्ट काँक्रीटचा. म्हणजे एकाच पत्त्यावर तीन प्रकारची इमारत. मुंबईत असं पावलोपावली आहे.

आधी कागद

सोसायटीच्या फाइलमध्ये किंवा दुरुस्ती केलेल्या आर्किटेक्टकडे नकाशा मिळाला तर उत्तम. नाहीतर आलेख-वहीचं पान घ्या, एक चौकोन एक फूट, आणि टेप घेऊन निघा. मापं दोन-चार इंचांनी चुकली तरी बिघडत नाही. बिघडतं ते भिंतीची जात न लिहिल्यामुळे.

कागदावर सगळ्यात आधी माणसं मांडा. कोण कुठे बसतं आणि बसून काय करतं. रिसेप्शनवर यूपीआयचा साउंड बॉक्स आणि अपॉइंटमेंटचा लॅपटॉप. वर्गात पन्नास मुलं, आठवड्याला ऑनलाइन चाचणी. दुसऱ्या मजल्यावर काकूंचा, म्हणजे डॉक्टरांच्या आईचा, झोपाळा मागच्या गॅलरीला लागून, आणि नातीशी व्हिडिओ कॉल तिथूनच होतो. हॉलमध्ये कितीही छान रेंज असली तरी झोपाळ्यावर चेहरा थिजला तर त्या घरात वायफाय नाही असंच धरलं जाणार. माणूस नसतो तिथे रेंज नेण्यात पैसा घालवू नका: लॉफ्ट, न्हाणीघर, जिन्याखालची अडगळ.

मग धातू, पाणी आणि आरसे मांडा. गोदरेजचं कपाट, फ्रिज, मत्स्यालय, कपाटाच्या दारावरचा पूर्ण उंचीचा आरसा, लिफ्ट, पत्र्याची शेड. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, म्हणून तो लहरींना पत्र्यासारखा परतवतो. पाणी त्या शोषून घेतं. एक्स-रेच्या खोलीवर मी सरळ काट मारते. तिच्या दारात शिशाचा पत्रा असतो, भिंती मुद्दाम जाड ठेवलेल्या असतात. क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून केलेली व्यवस्था वायफायला का सोडेल?

आणि ज्या वस्तू जागच्या हलत नाहीत त्यांच्यासाठी इथेच केबलची रेघ मारून टाका: टीव्ही, प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, रिसेप्शनचा डेस्कटॉप, एक्स-रेचा कन्सोल. वायरवर गेलेली प्रत्येक वस्तू हवेतली गर्दी कमी करते. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते अर्धं वायफाय इथेच सुधारतं.

भिंतीची जात

खिडकीच्या किंवा दाराच्या चौकटीत टेप धरली की जाडी कळते. प्लॅस्टर धरून साडेपाच-सहा इंच आणि ठोकल्यावर जड पण बोथट आवाज, तर साडेचार इंची वीट. दहा-अकरा इंच भरली तर नऊ इंची. जुन्या इमारतीत तळमजल्याची भिंत वरच्या मजल्यापेक्षा जाड असते, तेव्हा एका मजल्याचं माप दुसऱ्याला लावू नका. ड्रिलची भुकटी बघा: लाल असेल तर वीट, करडी आणि ड्रिल किंचाळत असेल तर काँक्रीट, फिकट आणि ड्रिल लोण्यात गेल्यासारखं तर सिपोरेक्स, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे. सिपोरेक्समधून रेंज बऱ्यापैकी जाते.

नवे टॉवर नुसते बघून फसवतात. बरेचसे मायवान शटरिंगचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकदम ओतलेले. तिथे बेडरूम-बेडरूममधली भिंतसुद्धा सळईच्या जाळीची काँक्रीट. जुन्या घरांचंही गृहीत धरू नका. चाळ म्हटलं की लाकूड आणि वीट डोळ्यांसमोर येते, पण वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या त्याच काँक्रीटमध्ये. १६० चौरस फुटांची खोली, आणि शेजारच्या खोलीत रेंज जेमतेम.

अंदाजावर समाधान नसेल तर भिंत मोजा. कुठलाही राउटर एका खोलीत भिंतीपासून दोन-तीन मीटरवर ठेवा. फोनवर वायफायची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं अ‍ॅप उघडा. अँड्रॉइडवर अशी फुकट अ‍ॅप पुष्कळ आहेत, आयफोनवर अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीत वायफाय स्कॅनर सेटिंगमधून चालू करता येतो. भिंतीच्या अलीकडे फोन छातीपाशी धरून आकडा लिहा, दार लावा, पलीकडे तसाच उभा राहून लिहा. फरक म्हणजे भिंतीने खाल्लेला सिग्नल, तो डेसिबलमध्ये. आकडा उणे असतो: उणे ४० म्हणजे डब्याखाली बसल्यासारखं, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ७५ ला माणसं खिडकीकडे सरकायला लागतात, उणे ८५ ला नाव दिसतं पण काम होत नाही. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी होते, दहाला दहावा हिस्सा उरतो.

वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा पट्ट्यांत चालतं. ५ गिगाहर्ट्झवर मला साधारण असे आकडे मिळतात, डेसिबलमध्ये. प्लाय किंवा जिप्समचं पार्टिशन ३ ते ४. साडेचार इंची वीट ५-६. नऊ इंची ९ ते १२. तुळया-फळ्या-कोबा मिळून ७-८. सहा इंची काँक्रीटची भिंत किंवा स्लॅब १८ ते २५, सळई किती दाट आहे त्यावर. २.४ गिगाहर्ट्झवर हेच नुकसान बरंच कमी. तुमच्या भिंतीचा आकडा वेगळा आला तर तुमचाच खरा धरा.

पानभर गणित, त्यापेक्षा जास्त नाही

आता एकच बेरीज-वजाबाकी. डबा १७ डीबीएमवर ठेवला, अँटेनाचे ३ धरले, म्हणजे निघताना २०. ५ गिगाहर्ट्झवर पहिल्या मीटरलाच सुमारे ४७ डेसिबल जातात. उरले उणे २७. दहा मीटरवर आणखी २० गेले: उणे ४७. पुढे अंतर दुप्पट झालं की ६ जातात, पण मुंबईतल्या घरात दहा मीटरपुढे जायची वेळ क्वचितच येते. आपल्याला उणे ६७ हवं. म्हणजे दहा मीटरच्या आत भिंतींवर खर्चायला हातात २० डेसिबल आहेत. दोन नऊ इंची भिंती, किंवा एकच मायवान. संपलं बजेट.

कागदावर डबा जिथे लावायचा मनात असेल तिथून प्रत्येक बसण्याच्या जागेपर्यंत सरळ रेघ ओढा आणि वाटेतल्या भिंतींचे आकडे बेरीज करा. रेघ भिंतीला तिरकी छेदत असेल तर भिंत तेवढी जाड पडते. नऊ इंचांची तिरक्यात सहज तेरा होते. मांडी आणि हाताच्या विळख्यातला फोन आणखी तीन-चार डेसिबल खातो, तेव्हा तेवढी शिल्लक ठेवा. पॅसेजमध्ये मधोमध लावलेला डबा कागदावर सगळ्यांना समान अंतरावर दिसतो, पण रेघा ओढल्या की प्रत्येक खोलीकडे जाताना भिंत आणि तीही तिरकी, हे चटकन उघडं पडतं.

पॅसेजबद्दल माझं मत कडक आहे. हॉस्टेल, लॉज, नर्सिंग होम, सगळीकडे ठेकेदार पॅसेजच्या छताला ओळीने डबे लावून मोकळे होतात, कारण केबल तिथून जाते आणि कुणाची खोली उघडावी लागत नाही. मग लांब पॅसेजमध्ये डबे एकमेकांना लख्ख बघतात, एकमेकांच्या चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या त्याच वाटेवर, थांबून राहतात, आणि ज्यांच्यासाठी लावले ती माणसं भिंतीआड. डबा माणसं बसतात त्या खोलीत लावा. पार्टिशन सगळं प्लायचं असेल तर अपवाद. तिथे पॅसेज चालतो.

मजल्यागणिक

तळमजल्यावर डॉक्टरांना एकच डबा हवा होता, लिफ्टसमोरच्या बोळात. रेघा ओढून दाखवल्या. पुढे वेटिंगकडे नऊ इंची भिंत, मागे खाटांकडे काँक्रीटचा डक्ट आणि एक्स-रे. डॉक्टरमंडळींना आकडे पटतात, हे एक बरं. मग पहिला डबा वेटिंगच्या छताला, रिसेप्शनच्या बाजूला सरकवून. तपासणीच्या दोन्ही खोल्या प्लायच्या पार्टिशनने पाडलेल्या, त्यामुळे त्याच डब्यात येतात. दुसरा मागे खाटांच्या खोलीत. एक्स-रेच्या खोलीत वायफाय नाहीच, तिथे दोन केबली.

पहिल्या मजल्यावर प्रश्न रेंजचा नव्हता. दोन वर्गांमध्ये साडेचार इंची भिंत. एका डब्यात दोन्ही वर्ग आरामात येतात. पण शंभर मुलांनी एकाच वेळी चाचणी उघडली की हवेत एका चॅनेलवर एका वेळी एकच बोलू शकतो, बाकीचे रांगेत. तिथे भिंती मोजून उपयोग नाही, डोकी मोजायची. दर वर्गाला एक डबा, एक फळ्याच्या कोपऱ्यात आणि दुसरा मागच्या खिडकीच्या कोपऱ्यात, म्हणजे दोघांत अंतर पडतं. मुलांच्या अंगातही पाणीच असतं. भरलेला वर्ग रिकाम्या वर्गासारखा वागत नाही, म्हणून डबा डोक्यांच्या वर, छताला.

दुसऱ्या मजल्यावर गंमत होती. तुळया-फळ्यांतून खालच्या वर्गाचा सिग्नल इतका वर येतो की हॉलमध्ये डबा न लावताच फोनला उणे ५५ दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, मग वर कशाला खर्च? खर्च अशासाठी की खालचा डबा मुलांच्या चाचणीत अडकलेला असताना वरचा व्हिडिओ कॉल त्याच रांगेत उभा राहणार. शिवाय मागच्या गॅलरीपर्यंत दोन जाड भिंती. हॉल आणि पुढच्या बेडरूमसाठी एक, मागची बेडरूम, स्वयंपाकघर आणि झोपाळ्यासाठी एक. मागच्या बेडरूमच्या कपाटाला मोठा आरसा होता. डबा त्याच्यासमोर न लावता त्याच भिंतीच्या बाजूच्या टोकाला नेला. हॉलमधल्या डब्यासाठी मला देव्हाऱ्याच्या वरची जागा सोयीची वाटत होती, केबल तिथेच उतरत होती. काकूंनी मान हलवली: "अगं, समईची धग आणि काजळी रोज वर जाते. तुझा तो डबा महिन्यात काळा पडेल." तांत्रिक दृष्टीनेही हे शंभर टक्के बरोबर. डबा चार फूट सरकला.

उंचीबद्दल थोडक्यात. छताला लावायचा चपटा डबा खाली आणि आजूबाजूला पसरतो, पाठीमागे कमी. तो भिंतीवर उभा चिकटवला तर बराचसा जोर समोरच्या दिशेला जातो आणि काही वर-खालच्या मजल्यांवर. कधी हेच हवं असतं, बहुतेक वेळा नसतं. जुन्या घरांत छत बारा-चौदा फुटांवर आणि तुळयांचं. तिथे नऊ-दहा फुटांवर एल-आकाराची ब्रॅकेट मारून डबा आडवा ठेवते. पीओपीच्या फॉल्स सीलिंगच्या आत डबा लपवायचा आग्रह होतो. पीओपीचा त्रास नसतो, आतल्या एसीच्या पत्र्याच्या डक्टचा आणि साचलेल्या उष्णतेचा असतो. दिसला तर दिसू द्या.

भोकं पाडण्याआधी एकदा खोटं-खोटं लावून बघा. रंगाऱ्याचा घोडा आणा, वर डबा बांधा, एक्स्टेन्शन ओढून चालू करा, दारं-खिडक्या रोजच्यासारखी ठेवा आणि नकाशा हातात घेऊन प्रत्येक बसण्याच्या जागी आकडा लिहा. घरातला सगळ्यात जुना, स्वस्त फोन मोजायला घ्या. नवा भारी फोन सगळीकडे छान सांगतो आणि मग कामवाल्या मावशींचं यूपीआय अडकतं.

चॅनेल आणि आवाज

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांना न घासणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. दादरमध्ये खिडकीत उभं राहिलं की शेजाऱ्यांची दोन-तीन डझन नावं दिसतात आणि सगळी या तिघांवर किंवा, त्याहून वाईट, मधल्या कुठल्यातरी ३ किंवा ९ वर. सहापैकी फक्त तीन डब्यांत, मजल्याला एक, २.४ चालू ठेवला: साउंड बॉक्स, जुना प्रिंटर, स्मार्ट बल्ब यांच्यापुरता. बाकी तिघांत बंद. सगळ्यांत चालू ठेवल्याने काही मिळत नाही, गोंगाट वाढतो.

खरं काम ५ गिगाहर्ट्झवर. २०१८ साली भारतात या पट्ट्याचा बराच मोठा भाग विनापरवाना वापराला खुला झाला, त्यामुळे चॅनेलांची चणचण नाही. चॅनेलच्या रुंदीची हाव धरली तर होते. ८० मेगाहर्ट्झची रुंदी एकट्या घरात ठीक. एका इमारतीत सहा डबे असतील तर ४०, आणि भरलेल्या वर्गांत २०. या इमारतीत तळमजला पुढे चॅनेल ३६, मागे १४९. पहिला मजला पुढे १५७, मागे ४४. दुसरा मजला मुद्दाम उलटा: पुढे १४९, मागे ३६. म्हणजे सारखा चॅनेल असलेले दोघे तिरके पडतात आणि मध्ये स्लॅब, लाकडी मजला आणि भिंती येतात. चॅनेलची मांडणी नेहमी वर-खालीही बघून करा. सपाट कागदावर ही चूक दिसतच नाही.

५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनेल रडारशी वाटून घेतलेले आहेत. रडार जाणवलं की डबा तो चॅनेल सोडून पळतो आणि अर्धा तास तिथे परतत नाही. तेवढ्यात जोडलेले फोन गचका खातात. अंधेरी-जोगेश्वरीकडे काम असेल तर लक्षात असू द्या, वेरावलीला हवामान खात्याचं सी-बँडचं डॉप्लर रडार आहे, आणि हवामानाची सी-बँड रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. तिकडे १२० ते १२८ ला मी हात लावत नाही. कुलाब्याचं रडार एस-बँडचं, त्याचा या भानगडीशी संबंध नाही.

आता ताकद. डबा आल्या आल्या सेटिंगमध्ये "हाय" किंवा "ऑटो" असतो आणि गिऱ्हाइकाला "हाय" बघून बरं वाटतं. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी भोंगा लावून खाली वाडीत बोललं तर खालच्याला सगळं ऐकू जातं, पण त्याचं साधं उत्तर वर पोचत नाही. फोनची ताकद डब्यापेक्षा बरीच कमी असते, म्हणून रेंजच्या काड्या पूर्ण आणि पान उघडत नाही, असा प्रकार होतो. ५ गिगाहर्ट्झ १४ ते १७ डीबीएमवर ठेवा, २.४ त्याहून ६-७ ने खाली, नाहीतर फोन सारखे २.४ कडेच धाव घेतील. आवाज कमी ठेवण्याचा आणखी एक फायदा: फोन एका डब्याला चिकटून बसत नाही. आयफोन साधारण उणे ७० ला दुसरा डबा शोधायला लागतो. पहिल्या डब्याचं उणे ६७ संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू झालेलं असावं. दोघेही घरभर उणे ५० देत असतील तर फोन कशाला हलेल?

वायफायची नावं मोजकीच असू द्या. प्रत्येक नाव प्रत्येक डब्यातून सेकंदाला जवळजवळ दहा वेळा स्वतःची दवंडी पिटतं. दवाखाना, क्लास, घर, एवढी तीन पुरतात, आणि तीही वेगवेगळ्या व्हीलॅनवर (त्याच केबलींवर वेगळी पाडलेली नेटवर्क), म्हणजे क्लासमधल्या एखाद्या हुशार पोराला रुग्णांच्या फाइली दिसणार नाहीत. पेशंटसाठी पाहुण्यांचं नाव हवंच असेल तर ते फक्त वेटिंगच्या डब्यावर.

केबल

वायरशिवाय जोडणारे मेशचे डबे घरापुरते ठीक, मध्ये एखादी विटांची भिंत असेल तोवर. दोन डब्यांतला दुवाच जर काँक्रीटमधून जाणार असेल तर दुसरा डबा पहिल्याचीच उपासमार पुढे वाटतो. इमारत भाड्याची आहे, पागडीची आहे, भोक पाडू देत नाहीत, तर केसिंग-पट्टीतून केबल न्या. दिसायला फार सुरेख नाही, चालायला उत्तम.

कॅट-६ घ्या आणि शुद्ध तांब्याची घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते. टोक खरवडलं की आतून चंदेरी दिसते, आणि पेटी उचलली तरी हलकी लागते. तिच्यातून वीज पाठवली की लांब पल्ल्यावर व्होल्टेज पडतं, तार तापते, डबा मध्येच बंद-चालू होतो आणि लोक वायफायला शिव्या घालतात. एका ओढीची मर्यादा १०० मीटर, त्यात दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे जोडणीच्या छोट्या केबलीही आल्या. प्रत्येक जागेला दोन केबली ओढा. मजुरी एकदाच लागते.

दादरच्या जिन्याखाली उंदीर आहेत, तेव्हा तळमजल्याची ओढ पीव्हीसीच्या जाड पाइपमधून, तोंडाला स्टीलची जाळी कोंबून. बाहेरून चढवायची असेल तर बाहेरची, काळ्या आवरणाची केबल, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक वळसा द्या, म्हणजे पावसाचं पाणी वळशावरून गळून जातं, भोकातून आत येत नाही. भोकही बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा. विजेच्या वायरिंगला समांतर लांबवर नेऊ नका; छेदायची असेल तर काटकोनात. डब्यापाशी मीटर-दोन मीटर केबल गुंडाळून सोडा, ती लागते.

वीज केबलमधूनच द्या. पीओईचं, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधून वीज देण्याचं, साधं मानक १५.४ वॉटचं, वरचं ३० चं. ज्यात सगळ्या केबली येतात तो नेटवर्कचा स्विच घेताना किती पोर्ट आहेत हे सगळे बघतात, एकूण वॉट किती हे बघत नाहीत. सहा डबे, प्रत्येकी बारा-तेरा वॉट, म्हणजे सत्तर-ऐंशी. साठ वॉटचा आठ पोर्टचा स्विच घेतला तर शेवटचा डबा उठणारच नाही, किंवा रात्री सगळे जोरात चालले की एखादा बसेल. आम्ही १२० वॉटचा घेतला. तो, राउटर आणि फायबरचा डबा मिळून एका यूपीएसवर, पहिल्या मजल्याच्या जिन्याजवळ, भिंतीवरच्या छोट्या रॅकमध्ये. तळमजल्यावर नाही. हिंदमाता फार लांब नाही, आणि जुलैत पाणी कुठवर येतं ते दादरकरांना सांगायला नको.

लावून झाल्यावर

तपासणी भरल्या वेळी करा. सकाळी अकराला रिकाम्या इमारतीत सगळंच सुंदर चालतं. संध्याकाळी सात-साडेसातला, दवाखान्यात रांग, वर्ग भरलेले, एसी लावून दारं बंद, शेजारच्या घरांत मालिका सुरू, तेव्हा तोच नकाशा घेऊन तोच जुना फोन घेऊन चाला. प्रत्येक जागी आकडा, आणि फोन कुठल्या डब्याला जोडलाय ते. व्हिडिओ कॉल लावून तळमजल्यावरून दुसऱ्यापर्यंत जिना चढा. एकदा थोडा अडखळला तर चालेल, तुटता कामा नये. या इमारतीत जिन्याच्या वळणावर तुटत होता. पहिल्या मजल्याच्या पुढच्या डब्याची ताकद तीनने वाढवली आणि मागच्याची तेवढीच कमी केली, मग सरळ झालं. नवा डबा घेण्याआधी असलेल्यांचे आकडे हलवून बघावेत.

काकूंच्या झोपाळ्यावर उणे ६१ आलं. त्यांना आकड्यात रस नव्हता, नातीच्या मागचं कॅलेंडर वाचता येतंय का एवढंच त्यांनी बघितलं.

जाताना प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलेली चिकटपट्टी लावा: "दु. म. मागे", "वर्ग १". अंतिम नकाशा, चॅनेल, ताकद, आणि स्विचचा पासवर्ड एका कागदावर लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. त्याची दुसरी प्रत मालकाकडे, आणि मालक सोसायटी असेल तर सेक्रेटरींकडे. दर पावसाळ्यानंतर बाहेरच्या केबलचे वळसे आणि गंजलेल्या ब्रॅकेट बघून घ्या. शेजारी नूतनीकरण झालं, एखाद्या खोलीत नवं कपाट किंवा काचेचं पार्टिशन आलं, तर तेवढ्या खोलीचे आकडे पुन्हा घ्या आणि त्याच कागदावर तारखेसकट लिहा.